जमल्यास माहेर

फेब्रुवारी २०२४ मध्ये कामानिमित्त कोलकात्याला जाणं झालं आणि भवानीपुरात एका जुन्या मैत्रिणीकडे चार दिवस उतरले. स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर लोहचुंबकानं अडकवलेला एक कागद होता. सुवाच्य अक्षरात एप्रिल-मे महिन्यांचा सगळा कार्यक्रम मांडलेला. तिच्या यजमानांचा हात. हिशेबाची सवय असलेल्या माणसाचं काम कसं नीटनेटकं असतं, तसा तो कागद होता.

२० एप्रिल, कोलकात्याहून प्रस्थान. २२ एप्रिल ते ४ मे, गाव. ५ मे, मुंबई. ६ मे, म्युनिक. ११ ते १८ मे, डॅन्यूब नदीवरची क्रूझ. २४ मे, परत. आणि ४ मेच्या ओळीसमोर, समासात, जरा बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘जमल्यास मायणीकडे, चहापाणी’.

चहाचा कप हातात घेऊन मी तो कागद दोनदा वाचला. मायणीकडे म्हणजे माझ्या मैत्रिणीचं माहेर. तिथं तिची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई एकटी राहते.

या सदरात आपण नेहमी तिकिटं, हॉटेलं, सामान यांबद्दल बोलतो. या वेळी एका घरातल्या या एका कागदाबद्दलच बोलायचं आहे. त्यात युरोप आहे, सांगली जिल्हा आहे आणि सातारा जिल्हाही आहे. तिन्ही एका रजेत कसे बसवायचे, हा प्रश्न आज पुष्कळ घरांत आहे. मुलं परदेशात नोकरीला, आपण महाराष्ट्राबाहेर पोटापाण्याला आणि गाव तिसरीकडेच.

मुशीतलं सोनं आणि गावची जत्रा

माझ्या मैत्रिणीचं सासर खानापूर तालुक्यातलं, विट्यापासून जवळ. घर तीन पिढ्या गलाईच्या धंद्यात. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जुने दागिने, सराफांच्या कारखान्यातला कचरा, तुटकी वळी हे सगळं मुशीत वितळवायचं, तेजाबानं शुद्ध करायचं आणि चोख सोन्या-चांदीची लगड करून द्यायची. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांतली माणसं हे काम करत भारतभर पसरली. केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत सराफ बाजार असेल तिथं विट्याकडचा एखादा गलाईवाला सापडतोच. पाऊस पडत नव्हता म्हणून ही माणसं बाहेर पडली. माझ्या मैत्रिणीचे आजेसासरे असेच बडाबाजारात आले आणि कोलकात्याचेच झाले.

झाले म्हणजे काय, तर मुलांचं बंगाली मराठीपेक्षा चांगलं, घरात शुक्तो होतं, हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला जायचं आणि दुर्गापूजेत चार रात्री मंडप पाहत फिरायचं. पण गावची जत्रा चुकवायची नाही. चैत्रात ग्रामदैवताची पालखी निघते तेव्हा गल्लीबोळांत उभ्या असलेल्या मोटारींच्या नंबरांच्या पाट्या बघाव्यात. तमिळनाडू, केरळ, दिल्ली, पश्चिम बंगाल! गुलाल, कुस्त्यांचा फड, दुसऱ्या दिवशी मटणाचं जेवण. वर्षभर परमुलखात मान खाली घालून काम केलेला माणूस तेवढे चार दिवस गावात मान वर करून फिरतो. त्याचा मोह कुणाला सुटावा?

या वर्षी त्यात भर पडली ती लेकीच्या भेटीची. लेक म्युनिकला नोकरी करते. आई-वडिलांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून तिनं डॅन्यूबवरच्या सात रात्रींच्या क्रूझचं आरक्षण करून टाकलं. पासाऊहून निघायचं, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट करून पुन्हा पासाऊला. आणि मग यजमानांनी कागद घेतला.

शेजारच्या बौदी तेवढ्यात वाटीभर पायेश घेऊन आल्या. कागदाकडे बघून म्हणाल्या, “बर्गी निघाले वाटतं मुलखाला!” बंगालात मराठी माणसाला हे कधी ना कधी ऐकावंच लागतं. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून दहाएक वर्षं इथं स्वाऱ्या करत होत्या. त्यांच्या धाकानं कोलकात्याभोवती खणलेल्या खंदकाचं नाव बागबाजारातल्या एका गल्लीला अजून आहे. बौदींच्या बोलण्यात आता फक्त थट्टा असते. पण पायेशची वाटी ठेवता ठेवता त्या आणखी एक बोलल्या. बंगालीत मूळ गावाला ‘देश’ म्हणतात. कोलकात्यात नवा माणूस भेटला की विचारतात, तुमचा देश कुठला? बौदींचा देश बारिसालला, म्हणजे बांगलादेशात. आई-वडील फाळणीत आले. मार्च २०१९ मध्ये कोलकाता ते ढाका प्रवासी जहाजाची फेरी झाली, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातलं कात्रण कापून ठेवलं होतं. जाणं झालं नाही. “तुमचे दोन-दोन देश आहेत आणि दोन्हीकडे बिनव्हिसाचं जाता येतं,” एवढंच म्हणून त्या गेल्या.

दोन देश. कागदावर मात्र दीडच होता. खरं तर सव्वा.

गाव आधी की जहाज आधी?

आधी हा प्रश्न सोडवू, कारण बहुतेक घरांत वाद इथंच अडतो. प्रवासी कंपनीवाले सहसा सांगतात, आधी परदेश उरकून या, गाव काय नंतरही होतं. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. क्रूझची तारीख दगडावरची रेघ असते. जहाज कुणासाठी थांबत नाही. गावी गेलं की कुणी आजारी पडतं, कुणाचं लग्न पुढे-मागे होतं, आग्रह होतो, गाडी नादुरुस्त होते. गाव धरून ठेवतं, हे खरंच आहे.

तरीही माझं मत, गाव आधी. कारण रजेच्या शेवटी जे असतं त्यालाच कात्री लागते. परदेशातून परतल्यावर अंगात शीण असतो, झोपेचं तंत्र बिघडलेलं असतं, दुकानातून फोन सुरू झालेले असतात. मग बारा दिवसांचं गाव पाच दिवसांवर येतं आणि पाच दिवसांत माहेर ‘जमल्यास’सुद्धा उरत नाही. शिवाय परदेशाहून गावी गेलं की भेट राहते बाजूला. चॉकलेटं वाटणं आणि फोटो दाखवणं हाच कार्यक्रम होतो. आधी गेलात तर दाखवायला काही नसतं, म्हणून ऐकायला वेळ असतो.

मात्र गाव आणि विमान यांच्यात दोन दिवस मोकळे ठेवा. आणि जहाज सुटण्याच्या दिवशीच तिथं पोचायचं, असला हिशेब कधी करू नका. निदान एक दिवस आधी पोचा. माझ्या मैत्रिणीला लेकीकडे चार-पाच दिवस मिळत होते, म्हणून ती चिंता नव्हती.

दुसरी गोष्ट तिथीची. क्रूझचं आरक्षण वर्षभर आधी इंग्रजी तारखेनं होतं आणि जत्रा चालते पंचांगानं. मागच्या वर्षीची तारीख धरून आरक्षण केलं की फसगत झालीच म्हणून समजा. गुढीपाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला, २०२६ मध्ये १९ मार्चला. त्यानंतर अधिक ज्येष्ठ येत असल्यामुळे २०२७ मध्ये तो एकदम ७ एप्रिलला जातो. चैत्रातली जत्राही त्याच्याबरोबर मागे-पुढे सरकते. तेव्हा आधी पंचांग उघडा, मग आरक्षण करा. कोलकात्याच्या सराफ बाजाराशी ज्यांचा संबंध आहे त्यांना आणखी एक अडचण असते. एप्रिलच्या मध्याला बंगाली नववर्षाचा हालखाता, म्हणजे नव्या वहीचा मुहूर्त. तो टळल्याशिवाय दुकान सोडता येत नाही. यजमानांनी २० एप्रिल धरली होती ती त्यामुळेच.

नदीलाही तिचं स्वतःचं पंचांग असतं. ऱ्हाईन आणि डॅन्यूबवरच्या क्रूझचा मुख्य हंगाम मार्चअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात पाणी उतरतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ऱ्हाईनवरच्या काउब गावची पाण्याची मोजपट्टी २५ सेंटिमीटरपर्यंत खाली आली होती. नदीची खोली याहून जास्त असते, पण जहाजवाल्यांना हा आकडा घाम फोडतो. २०२२ च्या उन्हाळ्यातही तेच झालं. अशा वेळी प्रवाशांना बसमध्ये घालून पुढच्या जहाजावर नेतात. उलट पाणी फार चढलं तर जहाज पुलाखालून जात नाही. दुर्गापूजेच्या सुट्टीत क्रूझ घेऊ म्हणणाऱ्या कोलकातावासीयांनी हे लक्षात ठेवावं. एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात बरा. आमच्या गावाकडच्या जत्रांशी त्याचा मेळही बसतो.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण कधी पंचेचाळीसही लागतात. निदान तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज. लेकीकडचे दिवस धरून जर्मनीचा मुक्काम मोठा होत होता आणि जर्मनीची वकिलात कोलकात्यात आहे, म्हणून हे काम गावी निघण्यापूर्वीच संपलं. ते तसंच संपवावं. गावात जत्रेच्या मांडवाखाली बसून “पासपोर्ट आला का” म्हणून फोन करत राहण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. आणि एक बारीक गोष्ट. बुडापेस्टच्या खाली बेलग्रेडपर्यंत जाणारी क्रूझ घेतलीत तर सर्बिया शेंगेनमध्ये नाही. व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा घ्या, नाहीतर परतीला दार बंद.

हुगळीवरची रंगीत तालीम

माझ्या मैत्रिणीला खरी धास्ती पाण्याची होती. सात रात्री जहाजावर! मळमळलं तर? मी तिला सांगितलं, समुद्र वेगळा आणि नदी वेगळी. नदीवरची ही जहाजं लांबट आणि अरुंद असतात. ऱ्हाईन आणि डॅन्यूब जोडणारा कालवा २५ सप्टेंबर १९९२ ला खुला झाला. त्याचे पाण्याचे दरवाजे, म्हणजे जहाज खाली-वर करणारे कोठे, बारा मीटर रुंद आहेत. त्यातून जाता यावं म्हणून जहाज साडेअकरा मीटरांच्या आतच ठेवतात. लांबी फार तर १३५ मीटर. दोन्ही काठ सतत दिसत राहतात, हेलकावे जवळजवळ नसतात.

विश्वास बसेना, तेव्हा एका रविवारी आम्ही दोघी हावड्याहून लोकलनं हुगळीकाठी गेलो. युरोप पाहायला! हसू नका. पन्नासेक किलोमीटरांच्या त्या काठावर श्रीरामपूर १८४५ पर्यंत डेन्मार्कचं होतं, चुंचुडा १८२५ पर्यंत हॉलंडचं, चंदननगर १९५० पर्यंत फ्रान्सचं आणि बांडेलचं चर्च पोर्तुगीजांनी १५९९ मध्ये स्थापलेलं. चुंचुड्याच्या घाटावरून लाँचनं पलीकडे नैहाटीला गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. बाईसाहेब तिसऱ्या फेरीला कठड्याशी उभ्या राहून झालमुडी खात होत्या. पाण्याची भीती तिथंच संपली. चंदननगरच्या स्ट्रँडवर बाकावर बसलो, तेव्हा कुठं ती कागदाबद्दल बोलली.

“त्यांनी मुद्दाम नाही गं केलं,” ती म्हणाली. “मीच पंचवीस वर्षांत कधी बोलले नाही.”

मायणी तिच्या सासरपासून पाऊण तासावर. अंतराचा प्रश्नच नव्हता. दर वर्षी जत्रेला जायचं, आणि परतायच्या दिवशी वाटेत माहेरी थांबायचं. गाडी दारात चालू. आई कुंकू लावणार, ओटी भरणार, शेंगांची पिशवी हातात देणार. चहा झाला की, चला, उशीर होतोय. इतक्या वर्षांत ती माहेरी रात्री राहिली ती दोनदा. वडील गेले तेव्हा तेरा दिवस. आणि २०११ मध्ये वडूजला दुय्यम निबंधकांच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही करायची होती तेव्हा एक रात्र.

मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, साऱ्या देशात तो २००५ मध्ये आला. भावासाठी तो सोडायचा की नाही हा ज्या त्या बहिणीचा प्रश्न. माझ्या मैत्रिणीनं खुशीनं सोडला, त्याबद्दल तिची तक्रार नाही. पण मला एक गोष्ट चमत्कारिक वाटते. सही करायला माहेरी जायची रजा निघते, आईजवळ झोपायला निघत नाही. वडिलोपार्जित गाव म्हटलं की आपल्याला नवऱ्याचंच गाव आठवतं. बायकोही कुठून तरी आलेली असते, तिलाही पूर्वज होते, हे समासात बारीक अक्षरात.

कागद पुन्हा लिहिला

घरी आल्यावर मी त्या कागदात नाक खुपसलं. (पाहुणीनं असं करू नये, हे मला ठाऊक आहे.) यजमानांना म्हटलं, भावजी, एक गंमत करू. प्रत्येक तारखेसमोर तुम्ही गावाचं नाव लिहिलंय. त्याऐवजी त्या दिवशी तुम्हाला कुणाला भेटायचंय त्या माणसाचं नाव लिहा. त्यांनी लिहायला घेतलं. जत्रेचे चार दिवस भरून गेले. थोरले चुलते, आत्या, कुलदेवता, एक लग्न, भावकीतली बैठक. २९ एप्रिलपर्यंत नावं होती. पुढच्या पाच दिवसांसमोर पेन थांबलं. कुणाच्या तरी नव्या बंगल्याची वास्तुशांत, ‘निवांत’, ‘खरेदी, कोल्हापूर’, पुन्हा ‘निवांत’. ते स्वतःच हसले. निवडणुकीचा हंगाम होता, ७ मेला तिकडे मतदान. त्या दिवसांत गावात निवांत कोण असणार होतं?

ही युक्ती कुठल्याही घरात करून पाहण्यासारखी आहे. ठिकाणांची यादी केली की सगळंच आवश्यक वाटतं. माणसांची केली की रिकामे दिवस आपोआप दिसायला लागतात.

मला भीती होती ती सासूबाईंची. त्या या प्रवासात गावापर्यंत बरोबर जाणार होत्या आणि तिथंच पावसाळ्यापर्यंत राहणार होत्या. सून जत्रेनंतर लगेच उठून माहेरी चार रात्री राहणार म्हटल्यावर भावकीतल्या बायका काय म्हणतील? रात्री जेवताना विषय निघाला. त्या काही वेळ गप्पच होत्या. मग म्हणाल्या, “माझी आई गेली तवा मी हितंच हुते, कलकत्त्यात. तार आली. रेल्वेत बसले. गावात पोचले तर सावडून झालं हुतं.” पुढे भाताकडे बघत म्हणाल्या, “जाऊ द्या तिला. जत्रंचं मी बघती.”

त्यावर कुणी काही बोललं नाही. यजमानांनी उठून फ्रिजवरचा कागद काढला आणि नवा लिहिला.

सामानाचं एक सांगून ठेवते, कारण यात सगळेच गोंधळ करतात. एप्रिलअखेर खानापूर-खटावकडे ऊन चाळिशीत आणि डॅन्यूबवर सकाळी स्वेटर लागतो. दोन्ही कपडे एकाच बॅगेत भरले की गावात गरम कपडे उपसत बसावं लागतं. त्यांनी परदेशाची बॅग कुलूप लावून पुण्यात भाच्याकडे ठेवली आणि पुणे-कराड-विटा या वाटेवर एकेक पिशवीच नेली. मुंबईला जाताना बॅग उचलली. औषधं मात्र कायम हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आणि माहेरच्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा विमानाच्या मोठ्या बॅगेत, घट्ट बांधून. लेकीनं फोनवर आधी तेच विचारलं होतं.

चार रात्री

पुढचं मला तिनं जूनमध्ये फोनवर सांगितलं. जत्रा छान झाली. टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून शिवारात द्राक्षं आणि डाळिंबं दिसतात. यजमान तर बांधावर उभे राहून म्हणाले, हे पाणी आजोबांच्या वेळी असतं तर आपण बंगालात गेलोच नसतो.

माहेरी पहिला दिवस पाहुण्यासारखाच गेला. पुरणपोळी, शेजारच्या बायका, जावयाचा टॉवेल-टोपी. यजमान दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेले आणि मायलेकी दोघीच उरल्या. त्या संध्याकाळी आई चुलीपाशी मिठाचा डबा शोधत होती आणि तो समोरच होता. तिसऱ्या दिवशी तिनं तांदूळ निवडले त्यात खडे राहिले. फोन लावताना ती नंबर बघत नव्हती, बोटांनी मोजत होती. मैत्रिणीनं विचारलं, तर आधी कबूलच करेना. मग म्हणाली, वर्ष-दीड वर्ष झालं, सगळं धुरकट दिसतं, उजव्या डोळ्यानं तर फारच. मुलाला पुण्यात सांगितलं तर तो घेऊन जाईल आणि घर बंद पडेल, म्हणून सांगितलं नाही. जत्रेहून परतताना लेक यायची तेव्हा? “तू बसायचीस किती? तेवढ्यात मी नीट वागायची.”

कराडला नेऊन दाखवलं. मोतिबिंदू होता, पिकत आलेला. कुणाचा दोष म्हणावा? भाऊ महिन्यातून एकदा येतो, सामान टाकतो, जातो. ही वर्षातून एकदा कुंकू लावून घेते. चहापाण्याच्या भेटीत मोतिबिंदू दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी महिनाअखेरची तारीख दिली. भावाला बोलावून, चार तिखट शब्द ऐकवून, आईचं घर बंद पडणार नाही असं त्याच्याकडून वदवून घेऊन ती मुंबईला गेली. विमान चुकलं नाही. ते दोन मोकळे दिवस इथं कामी आले.

क्रूझबद्दल तिनं त्या मानानं थोडंच सांगितलं. खोली सर्वांत खालच्या मजल्यावर होती. ती स्वस्त असते, पण खिडकी लहान आणि उघडत नाही. धक्क्यावर जहाजं एकाला एक लागून उभी राहतात, त्यामुळे एके सकाळी पडदा सारला तर समोर दुसऱ्या जहाजातले आजोबा दाढी करताना. शाकाहारी जेवणाचं आरक्षणातच लिहून दिलं होतं, तरी तिसऱ्या दिवसापासून चटणीचा डबा टेबलावर यायला लागला. जुन्या शहरांत गोट्यांच्या दगडी रस्त्यांवर पाय दुखतात, चपला चांगल्या हव्यात. बुडापेस्टमध्ये रात्री संसदेच्या इमारतीवर दिवे लागतात, तेव्हा सगळे वरच्या डेकवर जमले होते. यजमान म्हणाले, हावडा ब्रिजही असाच दिसतो. ती म्हणाली, दिसतो, पण आपण तिथं कधी बघत उभे राहिलो?

२४ मेला ती दोघं परतली. आईचं ऑपरेशन २९ मेला झालं. जूनच्या पहिल्या आठवड्यात दक्षिण जर्मनीत अतोनात पाऊस झाला, डॅन्यूब चढली, पासाऊच्या जुन्या गल्ल्यांत पाणी शिरलं आणि तिथली जहाजांची ये-जा थांबली. दोन आठवड्यांचाच फरक. लेकीनं म्युनिकहून फोटो पाठवले आणि ते भाच्याच्या मोबाइलवरून फिरत फिरत मायणीकडेही पोचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोलकात्याला फोन वाजला. आईनं स्वतः लावला होता, आकडे बघून.

“तुझी होडी हितनंच सुटली व्हती का?” तिनं विचारलं. “पिवळ्या घराच्या खिडकीपातुर पाणी आलंय. खाली दुकानाची पाटी बी बुडाली बघ.”